बोटं पुरत नसतील तर कोणत्या पट्टीची बासरी घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा: वय पन्नाशीच्या आसपास, हात लहान, बोटं फारशी फाकत नाहीत. क्लासमध्ये पांढरी ३ ची (पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची) लांब बासरी आणायला सांगितली आहे, पण दुकानात ती धरून पाहिली तर उजव्या हाताची अनामिका सहाव्या छिद्रावर धड बसत नाही. सरावाने बोटं फाकतील का? लहान बासरी घेतली तर ती अगदीच पोरखेळ ठरेल का? आणि लाकडी घ्यावी की बांबूची?

आधी थेट उत्तर देतो. पांढरी ३ सध्या घेऊ नका. पांढरी ५ हाताला बसते का ते बघा. ती ताणून धरावी लागत असेल तर पांढरी ६ घ्या. स्वतः गात असाल आणि तुमची पट्टी काळी ४ किंवा काळी ५ असेल, तर त्याच पट्टीची बासरी घेतलीत तर दोन कामं होतील. बांबूचीच घ्या. मात्र हे सगळं दुकानात जाण्याआधी घरी मोजून ठरवा, कारण लहान हात म्हणजे किती लहान, हे नजरेने कधीच नीट कळत नाही.

बासरीची पट्टी खाली उतरते तशी नळी लांब होते आणि छिद्रंही त्याच प्रमाणात एकमेकांपासून दूर जातात. सहा छिद्रांपैकी वरची तीन डाव्या हाताकडे, खालची तीन उजव्या हाताकडे (बासरी उजवीकडे धरणाऱ्यांच्या बाबतीत). तिसऱ्या आणि चौथ्या छिद्रांमधलं अंतर दोन हातांच्या मध्ये पडतं, त्यामुळे त्याचा ताण बोटांवर येत नाही. खरा ताण तर्जनी ते अनामिका या अंतरात असतो, म्हणजे पहिलं ते तिसरं आणि चौथं ते सहावं छिद्र. पांढरी ३ च्या बासरीत शेजारच्या दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर साधारण ३६ ते ४१ मिलिमीटर असतं, म्हणजे तर्जनी ते अनामिका ७२ ते ८२ मिलिमीटर. पांढरी ५ मध्ये हेच शेजारचं अंतर ३१ ते ३५ वर येतं, पांढरी ६ मध्ये २८ ते ३२, आणि वरच्या सप्तकातल्या पांढरी १ मध्ये २३ ते २७. बनवणाऱ्यागणिक यात दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतातच, म्हणून पट्टी सारखी असली तरी दोन बासऱ्या हाताला सारख्या लागत नाहीत. एकाच दुकानातल्या एकाच पट्टीच्या तीन बासऱ्या धरून पाहणं हा वेळेचा अपव्यय नाही.

लांबीचा अंदाज हवा असेल तर पांढरी ३ ची बासरी सुमारे २९–३० इंच, पांढरी ५ ची २४–२५ इंच आणि पांढरी ६ ची २२ इंचांच्या आसपास. पण लांबीवरून निवडू नका. फुंकेच्या छिद्राच्या वर बूच कुठे बसवलं आहे आणि खालच्या टोकाला किती बांबू शिल्लक ठेवला आहे, यावर एकूण लांबी बदलते. बोटांना त्याच्याशी काही देणंघेणं नसतं.

पट्टीच्या नावाचा एक गोंधळ इथेच मिटवून टाकू, कारण ऑनलाइन खरेदीत हमखास फसगत होते ती याच ठिकाणी. हिंदुस्थानी पद्धतीत वरची तीन छिद्रं झाकून जो सूर येतो तो षड्ज (सा), आणि बासरीचं नाव त्यावरून. पांढरी ५ म्हणजे तीन छिद्रं झाकल्यावर जी चा सूर, ३९२ हर्ट्झ. सहाही झाकली की मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम, म्हणजे डी, २९४ हर्ट्झ. परदेशी सहा छिद्रांच्या लाकडी बासऱ्यांना, उदाहरणार्थ आयरिश बासरीला, सगळी छिद्रं झाकल्यावर येणाऱ्या सुराचं नाव देतात. म्हणजे त्यांची डी ची बासरी ही हाताला साधारण आपल्या पांढरी ५ एवढीच. कर्नाटक पद्धतीची वेणू तर वेगळंच वाद्य आहे: छिद्रं आठ, बांबूची भिंत जाड, दोन छिद्रं झाकून षड्ज, आणि बोटं ठेवण्याची रीतही निराळी. ती हाताला आटोपशीर वाटते, पण हिंदुस्थानी क्लासमध्ये तिचा उपयोग नाही. विकणाऱ्याला एवढंच विचारा: तीन छिद्रं झाकून ट्यूनरवर (सूर ओळखून दाखवणाऱ्या ॲपवर) कोणता सूर येतो?

आता मोजणी. हार्डवेअरच्या दुकानातून २५ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची पीव्हीसी नळी आणा, हातभर लांब पुरते. पांढरी ५ ची बासरी बाहेरून साधारण एवढीच जाड असते. नळीवर पेन्सिलने लांबीच्या दिशेने एक सरळ रेघ मारा. रेघेवर ३५ मिलिमीटर अंतराने तीन ठिपके द्या. मग थोडी जागा सोडून दुसरे तीन, ३० मिलिमीटर अंतराने. ठिपक्यांवर ओलं कुंकू किंवा स्टॅम्पपॅडची शाई लावा, १० मिलिमीटर व्यासाचं गोल होईल इतपत. नळी बासरीसारखी आडवी धरा, टोक एखाद्या मित्राच्या किंवा मुलाच्या हातात द्या म्हणजे वजन तुमच्यावर येणार नाही, आणि उजव्या हाताची तर्जनी, मध्यमा, अनामिका ठिपक्यांवर ठेवा. दाबू नका. दहापर्यंत मोजा, बोटं सरळ वर उचला आणि बघा.

प्रत्येक बोटावर पूर्ण गोल उमटला तर अंतर जमतंय. अनामिकेवर अर्धचंद्र उमटला, म्हणजे तिची बाहेरची कड ठिपक्याच्या पलीकडे पोचलीच नाही, तर प्रत्यक्ष बासरीत तिथून हवा सुटणार. डाव्या हातानेही हेच करा. डाव्या हाताचं मनगट आडव्या बासरीत आत वळलेलं असतं, त्यामुळे कित्येकांना डावीकडची अनामिका उजवीपेक्षाही तोकडी पडते. तिसरं छिद्र गळतंय हे सुरुवातीला लक्षातच येत नाही, आणि दोष विनाकारण सहाव्याला लागतो.

नुसतं झाकता येणं पुरेसं नाही. बोटं ठिपक्यांवर असताना एकेक बोट सेंटिमीटरभर उचलून खाली ठेवा. अनामिका उचलली की मध्यमा हलते का? मध्यमा आणि अनामिका यांच्या स्नायुबंधांना हाताच्या पाठीवर आडवे दुवे असतात, त्यामुळे थोडं हलणं स्वाभाविक आहे. पण मध्यमा ठिपक्यावरून सरकत असेल तर हात ताणाच्या टोकाला पोचलाय असं समजा. आपल्या संगीतात अर्धं छिद्र झाकून कोमल स्वर काढायचे असतात. एक छिद्र पूर्ण आणि दुसरं अर्धं झाकलं की कोमल गंधार, पाच पूर्ण आणि सहावं अर्धं झाकलं की कोमल धैवत. ताणून लावलेलं बोट अर्धं उघडू शकत नाही. ते एक तर पूर्ण असतं, नाहीतर सुटतं. म्हणून तर्जनी ते अनामिका सहज बसणाऱ्या अंतरातून निदान पाच मिलिमीटर शिलकीत ठेवा. कसंबसं ७० पुरत असेल तर ६५ ची बासरी घ्या.

हे मोजताना बोटं कशी ठेवता यालाही मोठं महत्त्व आहे. नवशिका माणूस पेटी वाजवल्यासारखी बोटं वाकवून टोकांनी छिद्रं झाकायला जातो, आणि लहान हाताला तिथेच अपयश येतं. लांब बासरीवर बोटं जवळजवळ सपाट ठेवायची असतात. उजव्या हाताची तर्जनी आणि मध्यमा मधल्या पेराने झाकतील, अनामिका मात्र टोकाच्या पेराच्या मऊ भागाने. तीन बोटांपैकी मध्यमा सर्वांत लांब. ती पुढे सरकवून मधल्या पेरावर घेतली की हात आपोआप बासरीवर पुढे येतो आणि अनामिकेला हवं असलेलं अंतर मिळतं. डावीकडे तर्जनीचं मूळ बासरीला खालून आधार देतं, तिथे तर्जनी टोकाच्या पेराने, मध्यमा पहिल्या सांध्याजवळ आणि अनामिका मऊ भागाने. उजवा अंगठा चौथ्या आणि पाचव्या छिद्रांच्या मधोमध, खालून. तो तर्जनीच्याही पलीकडे, फुंकेच्या बाजूला सरकला तर अनामिका मागे ओढली जाते. अंगठा बोटाएवढा उजवीकडे घेतल्यावर जो फरक पडतो तो नवीन बासरी घेऊनही पडत नाही, म्हणून कुंकवाची परीक्षा या धरण्याने पुन्हा एकदा करा आणि मगच निकाल काढा.

सरावाने बोटं फाकतात का, याचं उत्तर इथेच आहे. जे पाच-सात मिलिमीटर मिळतात ते धरण्याची पद्धत सुधारल्याने आणि आवळून धरायची सवय सुटल्याने. पन्नाशीत बोटांची हाडं वाढत नाहीत, आणि रोज ताणून सांधे सैल करायचा प्रयत्न सांध्यांना महागात पडतो.

मग सगळ्यात लहान बासरीच का घेऊ नये? कारण तिथे उलटा त्रास सुरू होतो. वरच्या पांढरी १ च्या पुढे छिद्रं इतकी जवळ येतात की प्रौढ माणसाची बोटं एकमेकांना ढकलू लागतात. छिद्रं लहान असल्याने अर्ध्या छिद्राचा अंदाज केसाएवढा उरतो आणि कोमल स्वर सतत वर-खाली होतो. शिवाय तार सप्तक कानाला टोचतं, घरातल्यांच्याही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला वरची पांढरी १ छान बसते, पण लहान हाताच्या मोठ्या माणसाला ती क्वचितच बरोबर असते. पांढरी ५ आणि ६ या मधल्या आहेत आणि त्यांच्यात गांभीर्यही आहे. भजन, भावगीत, छोटे ख्याल वाजवणाऱ्याला यांच्यापलीकडे काही लागलंच नाही तरी बिघडत नाही. आलापातलं खोल गांभीर्य हवं असेल तर लांब बासरी लागते, हे खरं. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी बासरीला शास्त्रीय मैफलीत आणलं ते लांब, खालच्या सुराची बासरी घडवूनच, आणि आज क्लासमध्ये पांढरी ३ चा आग्रह दिसतो तो त्या परंपरेचा परिणाम. पण ती शिकण्याची पहिली पायरी नव्हे.

लहान हातासाठी करता येण्याजोगे बदल चार प्रकारचे आहेत. प्रत्येकाची काही ना काही किंमत मोजावी लागते, म्हणून ते समजून घ्या.

पहिला बदल म्हणजे छिद्रं जवळ घेणं. छिद्र फुंकेच्या दिशेने वर सरकवलं की सूर चढतो, तो खाली आणायला छिद्र लहान करावं लागतं. सहावं छिद्र साधारण पाचव्याहून लहानच असतं ते याचमुळे. बनवणाऱ्याने अनामिकेची आधीच थोडी सोय केलेली असते. आणखी वर घेतलं तर आणखी लहान करावं लागेल आणि त्या छिद्रातून निघणारा मंद्र धैवत दबका, गुदमरलेला येईल. दोन-तीन मिलिमीटरपर्यंत हे खपून जातं. विकणारा सात-आठ मिलिमीटर जवळ करून देतो म्हणाला तर पंचम आणि धैवत पाठोपाठ वाजवून ऐका. पंचम भरून आणि धैवत पडद्याआडून आल्यासारखा वाटला तर ती बासरी परत ठेवा.

दुसरा बदल मला जास्त पसंत आहे: छिद्र रेघेवरून बाजूला पाडणं. सहावं, आणि हवं तर तिसरंही, सरळ रेघेत न ठेवता नळीच्या गोलाईवर अनामिकेकडे पाच-सात मिलिमीटर वळवायचं. फुंकेपासूनचं अंतर तेवढंच राहतं, त्यामुळे सूर बदलत नाही, छिद्र लहान करावं लागत नाही, आणि तोकड्या बोटाला नेमकं हवं तेवढं मिळतं. अट एकच. आडवी बासरी कोणत्या बाजूला धरणार ते आधी पक्कं हवं. हरिप्रसाद चौरसिया डाव्या बाजूला धरतात. सरळ रेघेतली सहा छिद्रांची बासरी दोन्हीकडे चालते. पण वळवलेल्या छिद्रांची एकाच बाजूला. नंतर बाजू बदलली तर ती बासरी अधिकच अडचणीची होते.

तिसरा म्हणजे दोन तुकड्यांची, मध्ये जोड असलेली बासरी. खालचा तुकडा किंचित फिरवला की उजव्या हाताची तिन्ही छिद्रं एकत्र बोटांकडे येतात. प्रवासालाही बरी पडते. पण जोड हवा धरणारा हवा. बांबू आक्रसला की तो सैल होतो, तेव्हा दोऱ्याचे एक-दोन वेढे वाढवून घट्ट करावा लागतो. नवशिक्याला गळती बोटांची की जोडाची, हे ओळखणं अवघड जातं, म्हणून पहिल्या बासरीत मी हे सुचवत नाही.

चौथा, सहावं छिद्र करंगळीने झाकायचं. काहींना हे जमतं, कारण करंगळी अनामिकेपेक्षा मोकळेपणाने बाजूला जाते. मात्र तिचा मऊ भाग अरुंद असतो, ती छिद्र पुरतं झाकत नाही आणि अर्धं छिद्र तर तिच्याने फारच डळमळीत निघतं. संधिवाताने अनामिका अधू झाली असेल तर जरूर विचार करा. नाहीतर हा मार्ग शिक्षकांशी बोलल्याशिवाय धरू नका, नंतर मोडायला महिने जातात.

बऱ्याच बासऱ्यांना सहाव्याच्या खाली टोकाजवळ आणखी एक-दोन छिद्रं दिसतात. ती सूर जुळवण्यासाठी पाडलेली असतात, त्यांवर बोट ठेवायचं नसतं. पन्नालाल घोषांच्या वळणाच्या बासरीत मात्र सातवं छिद्र वाजवण्यासाठी असतं, मंद्र तीव्र मध्यमासाठी. लहान हाताने तिकडे सध्या बघूही नये.

लाकडी की बांबूची हा प्रश्न हाताच्या दृष्टीने सोपा आहे. शिसवी किंवा तशा कातीव लाकडाची बासरी त्याच लांबीच्या बांबूपेक्षा बरीच जड असते. वजन उजव्या अंगठ्यावर आणि डाव्या तर्जनीच्या मुळाशी येतं. ते पेलण्यासाठी हात आवळतो, आणि आवळलेला हात फाकत नाही. शिवाय लाकडाची भिंत जाड असली तर नळी बाहेरून जाड होते आणि त्याच अंतरावरचं छिद्र गाठायला बोटांना आणखी वळसा घालावा लागतो. बांबूतही हेच लक्षात ठेवा. दोन-अडीच मिलिमीटर भिंतीची हलकी बासरी, साडेतीनच्या जाड बासरीपेक्षा लहान हाताला बरी. उत्तर प्रदेशातलं पिलीभीत हे बासरी बनवण्याचं मोठं केंद्र. तिथे आसामातून आलेला लांब पेरांचा, पातळ भिंतीचा बांबू वापरतात. छिद्रांची जागा पेराच्या गाठीत येत नाही ना, तेवढं बघा.

खर्च करण्याआधी खात्री करायची असेल तर पीव्हीसीची बासरी वाईट नाही. सूर काहीसा सपाट येतो, पण बोटांचं गणित तेच. उन्हात ठेवली तर वाकते एवढंच.

दुकानात गेलात की फोनमध्ये ट्यूनर आणि तानपुरा ॲप असू द्या. तुम्हाला अजून फुंक जमत नसेल तर विकणाऱ्याला वाजवायला लावा आणि बोटांची परीक्षा स्वतः करा. तीन छिद्रं झाकून मध्य षड्ज, मग तेवढीच झाकून फुंक बदलून तार षड्ज. दोन्हींत ट्यूनरचा काटा पंधरा सेंटपेक्षा (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) जास्त हलला तर ती बासरी नको. मग मंद्र पंचम. तो हळू फुंकेवर आला पाहिजे. जोर लावल्याशिवाय येत नसेल तर लहान हाताच्या माणसाला तो कधीच येणार नाही, कारण तुमच्या बोटांची थोडीफार गळती त्यात मिळणारच. छिद्रांच्या कडांवरून बोट फिरवा. धारदार कड बोटाला रुतते, मग माणूस नकळत बोट हलकं ठेवतो आणि हवा सुटते. कड बारीक पॉलिशपेपरने मोडलेली असावी, पण छिद्र मोठं होईल इतकी घासलेली नको. बारीक बोटांच्या माणसाने छिद्राचा व्यासही पाहावा. बोटाचा मऊ भाग १२ मिलिमीटर रुंद आणि छिद्र ११ चं असेल तर चुकीला जागाच राहत नाही. उजेडाकडे धरून आतून बघा, भेग असेल तर रेघ चमकते.

जत्रेत टोपलीतून विकल्या जाणाऱ्या बासऱ्या सुरात नसतात. त्या मुलांना फुंकायला द्या, शिकायला घेऊ नका.

आता क्लासचा पेच. सगळे पांढरी ३ वर, तुम्ही पांढरी ५ वर, तर एकत्र वाजवता येणार नाही, षड्जच वेगळा. बोटं मात्र सगळ्या पट्ट्यांत तीच असतात, म्हणून वैयक्तिक शिकवणी असेल तर शिक्षकांना तानपुरा पांढरी ५ ला लावायला सांगणं एवढंच काम आहे. गटात शिकत असाल तर एक मधला मार्ग आहे: वरच्या सप्तकातली पांढरी ३, सुमारे १५ इंचांची. तिचा षड्ज मोठ्या पांढरी ३ च्या षड्जाच्या बरोबर एक सप्तक वर, म्हणजे सगळ्यांबरोबर वाजवली तर सुरात बसते. छिद्रं वीसेक मिलिमीटरवर येतात. बोटं बारीक असतील तर जमेल, जाड असतील तर नाही. ही क्लासपुरती, घरचा रियाज पांढरी ५ वर. दोन बासऱ्यांचा खर्च नको असेल तर शिक्षकांना सरळ विचारा. बहुतेकांना गळकी पांढरी ३ ऐकण्यापेक्षा सुरातली पांढरी ५ परवडते.

पहिल्या आठवड्यांत सहाही छिद्रं झाकायला जाऊ नका. आधी डाव्या हाताची तीन: सा, रे, ग. तीन झाकून सा, दोन झाकून रे, एक झाकून ग. उजवा हात फक्त अंगठ्याने आधार देईल, करंगळी बासरीवर टेकलेली. तीनचा षड्ज तानपुऱ्यावर वीस सेकंद न थरथरता टिकला की चौथं छिद्र झाकून मंद्र निषाद, मग पाचवं झाकून धैवत, आणि शेवटी पंचम. एकेक बोट वाढवत खाली उतरल्याने गळती कुठे सुरू झाली ते लगेच कळतं. पंचमाला सूर फुटला आणि धैवत स्वच्छ होता, तर दोष अनामिकेचा. धैवतालाच फुटत असेल तर पाचव्यावरची मध्यमा तपासा, आणि निषादालाच सूर वरच्या सप्तकात उडत असेल तर बहुधा तिसऱ्यावरची डावी अनामिका सरकली आहे. चौथं बोट ठेवताना हात हलतो आणि तीच बिचारी जागा सोडते.

दोन मिनिटं वाजवून बोटं बघायची सवय लावा. मऊ भागावर छिद्राचा फिकट, पूर्ण गोल ठसा असला तर ठीक. ठसा लाल आणि खोल असेल तर तुम्ही दाबता आहात. गळती दाबून थांबत नाही, बोट सरकवून थांबते. अर्धाच ठसा असेल तर ज्या बाजूला तो नाही त्या बाजूला बोट दोन मिलिमीटर न्या. सगळे ठसे पूर्ण असूनही पंचम येत नसेल तर प्रश्न फुंकेचा आहे, ओठांची फट मोठी किंवा जोर जास्त.

बासरीचं उजवं टोक थोडं खाली झुकलेलं चालतं. खांदा उतरतो, मनगट सरळ राहतं आणि अनामिकेला जागा मिळते. आरशात पाहून उजवं मनगट बाहेर मोडलेलं दिसलं तर कोपर अंगापासून थोडं दूर घ्या. सुरुवातीला दहा मिनिटं वाजवून पाच मिनिटं हात सोडून बसायचं, असं दोन-तीनदा. थकवा चालेल. मुंग्या, बधिरपणा, बोट अडकून सुटणं, रात्री दुखून जाग येणं यांपैकी काही झालं तर रियाज थांबवून डॉक्टरांना दाखवा. आधीपासून संधिवात असेल तर पांढरी ६ पासूनच सुरू करा आणि सकाळी सांधे आखडलेले असताना वाजवू नका.

पांढरी ३ चं काय करायचं? पांढरी ५ वर कोमल धैवत आणि कोमल ऋषभ न ताणता सुरात लागू लागले की पांढरी ४ किंवा काळी ३ एकदा हातात घेऊन बघा. तेव्हा कुंकवाची परीक्षा ३६ मिलिमीटरवर पुन्हा करा. जमली तर पुढची पायरी म्हणून वळवलेल्या सहाव्या छिद्राची पांढरी ३ बनवून घ्या. बनवणाऱ्याला तळहाताचा कागदावर काढलेला आराखडा द्या: बोटं न ताणता, नैसर्गिक फाकवून. सोबत तर्जनी ते अनामिका सहज बसणारं अंतर, अनामिकेच्या मऊ भागाची रुंदी, कोणत्या बाजूला धरता ते, आणि ए ४४० हर्ट्झला जुळवलेली हवी, हे चार मुद्दे लिहून द्या. तोंडी सांगितलेलं "थोडं जवळ" प्रत्येकाचं वेगळं असतं.